सांगाडा आधी की पान आधी

"ताई, तुमच्या त्या जेएसपी फायली माझ्याकडं उघडतच नाहीत की."

आमचा डिझायनर हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी म्हणायचा, आणि ते अगदी खरं होतं. २०१३ साली मी कोल्हापुरातल्या एका लहान कंपनीत पतसंस्थांच्या सॉफ्टवेअरवर काम करत होते. सभासद, ठेवी, कर्जं, पिग्मी, दिवसअखेर अशी जवळजवळ साठ पानं होती. पानं जेएसपीत होती, म्हणजे एचटीएमएलमध्येच जावाचा कोड मिसळलेल्या फायलींत. प्रत्येक पानाच्या डोक्यावर हेडरची जेएसपी जोडलेली आणि पायाशी फूटरची. हेडरच्या फायलीत तीन डिव (पानाचे कप्पे पाडणारे टॅग) उघडायचे आणि बंद व्हायचे थेट फूटरच्या फायलीत. मधल्या पानात कुणी चुकून एक डिव जास्त बंद केला की फूटर वर सरकायचा, उजवीकडचा रकाना खाली पडायचा, आणि चूक नक्की कुठल्या फायलीत आहे हे शोधायला तिन्ही फायली शेजारी शेजारी उघडून टॅग मोजत बसावं लागायचं.

तो पोरगा एचटीएमएल फार नीटस लिहायचा. मी त्याची एक फाइल घ्यायची, तिचे तीन तुकडे करायचे, त्यात जावाचे ठिगळ लावायचे, आणि त्यानंतर ती फाइल त्याची राहायचीच नाही. ब्राउझरमध्ये उघडली तर अर्धं पान आणि मध्ये कोनी कंसांचा कचरा दिसायचा. मग एखाद्या बटणाचा रंग बदलायचा असला तरी तो खुर्ची ओढून माझ्याशेजारी येऊन बसायचा आणि मी त्याच्या सांगण्यावरून टाइप करायचे. दोघांचा दिवस जायचा.

नवीन आवृत्ती अपाची विकेटवर, जावात वेबपानं बांधायच्या एका फ्रेमवर्कवर, करायचं ठरलं ते मुख्यतः या एका दुखण्यामुळे. विकेट जोनाथन लॉक यांनी २००४ मध्ये सुरू केलं आणि २००७ मध्ये ते अपाची फाउंडेशनचा स्वतंत्र प्रकल्प झालं. आम्ही घेतली ती सहावी आवृत्ती, तेव्हा तशी ताजीच होती. तिची रीत अशी: प्रत्येक पानाच्या दोन फायली, एक जावाचा क्लास आणि एक त्याच नावाची एचटीएमएल, दोन्ही एकाच पॅकेजमध्ये. एचटीएमएल शुद्ध असते. ज्या टॅगमध्ये काही भरायचं आहे त्याच्यावर फक्त विकेट:आयडी लिहायचा. त्या नावाचा कंपोनंट, म्हणजे पानाचा तो भाग चालवणारा जावाचा ऑब्जेक्ट, जावाच्या बाजूला, त्याच पातळीवर, त्याच बापाच्या पोटात जोडायचा. म्हणजे दोन झाडं असतात, एक मार्कअपचं, म्हणजे एचटीएमएलच्या टॅगचं, आणि एक कंपोनंटचं, आणि फांदीला फांदी जुळावी लागते. जुळली नाही तर पान उभंच राहत नाही, विकेट तिथेच थांबून सांगतं की अमुक आयडी सापडला नाही. जेएसपीतल्या त्या मुक्या, वाकड्या पानांनंतर हा कडकपणा मला मनापासून आवडला.

पहिल्या दिवशी बेसपेज लिहिलं, म्हणजे सगळ्या पानांचा सामाईक सांगाडा. वर संस्थेच्या नावाची पट्टी, तिच्याखाली मेनू, मध्ये एकच टॅग, विकेट:चाइल्ड, आणि खाली फूटर. बाकीची पानं या क्लासला एक्स्टेंड करणार, म्हणजे त्याचे पोटक्लास होऊन चौकट वारशाने घेणार, आणि त्यांच्या एचटीएमएलमध्ये जे काही विकेट:एक्स्टेंड या टॅगच्या आत असेल तेवढंच उचलून सांगाड्यातल्या चाइल्डच्या जागी बसणार. त्या टॅगच्या बाहेर जे लिहिलंय ते चालू पानात येतच नाही. अपवाद फक्त विकेट:हेडचा, त्यातली स्टाइलशीट वगैरे वर हेडमध्ये जाऊन बसते.

हे मी डिझायनरला बसवून दाखवलं. तो थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे बाहेर मी काय पण ठेवलं तर चालतंय?" हो, चालतंय. मग त्याने प्रत्येक पानात एक्स्टेंडच्या बाहेर नकली पट्टी, नकली मेनू, स्टाइलशीटची लिंक असं सगळं ठेवलं. तक्त्यात दिसायला चार नमुन्याच्या ओळी हव्या असल्या तर त्या विकेट:रिमूव्हमध्ये घातल्या, म्हणजे त्या फक्त त्याच्या ब्राउझरमध्ये दिसणार, सर्व्हरवरून निघताना गळून पडणार. त्या संध्याकाळी सभासद यादीचं पान त्याने स्वतःच्या मशीनवर, सर्व्हरशिवाय, डबल क्लिक करून उघडलं. पान पूर्ण दिसत होतं.

आठवड्याभरात बारा पानं या सांगाड्यावर आली. मग उजवा रकाना आला, आणि खरं काम तिथून सुरू झालं.

खात्याच्या पानावर उजवीकडे खातेदाराचा फोटो, सहीचा नमुना आणि वारसदाराचं नाव हवं होतं. कर्जाच्या पानावर तिथेच जामीनदारांची यादी आणि थकीत हप्ते. दिवसअखेरच्या पानावर काहीच नको, मधला भाग पूर्ण रुंदीचा. आणि विकेटच्या एका मार्कअपमध्ये विकेट:चाइल्ड एकच असतो. दुसरं भोक पाडता येत नाही.

मी विचार केला, सोपं आहे. बेसपेजमध्ये एक अमूर्त मेथड (नाव इथे, आतला कोड पोटक्लासने लिहायचा) ठेवू, 'उजवा रकाना दे' अशा अर्थाची. बेसपेजच्या कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या कोडमध्ये, तिला हाक मारू, पोटक्लास जो कंपोनंट देईल तो जोडू. कागदावर हे अगदी देखणं दिसत होतं. दिवसअखेरच्या पानाने रिकामा कंटेनर परत दिला, चाललं. खात्याच्या पानाने पहिल्याच क्लिकला नल पॉइंटर एक्सेप्शन दिलं, म्हणजे जे हवं ते तिथे नव्हतंच, नल होतं.

अर्धा दिवस मी पानाचे पॅरामीटर तपासण्यात घालवला. यूआरएलमध्ये खाते क्रमांक होता. पॅरामीटरमध्येही होता. रकान्यापर्यंत पोचेस्तोवर मात्र नल. शेवटी आमचे सर मागून म्हणाले, "सुपरच्या ओळीवर थांबव आणि मग आत जा." थांबवलं. खातेपानाचा कन्स्ट्रक्टर तीन ओळींचा होता. पहिल्या ओळीत सुपरला, म्हणजे बापाच्या कन्स्ट्रक्टरला, हाक. दुसऱ्या ओळीत खाते क्रमांक फील्डमध्ये ठेवणं. तिसऱ्या ओळीत मधला तक्ता. डीबगर पहिल्या ओळीवरून बेसपेजच्या कन्स्ट्रक्टरमध्ये शिरला, तिथून त्या अमूर्त मेथडमध्ये, म्हणजे परत खातेपानातच आला, आणि तिथे फील्ड रिकामं. साहजिकच. दुसरी ओळ अजून चाललेलीच नव्हती.

हा जावाचा जुना नियम आहे, कन्स्ट्रक्टरमधून ओव्हरराइड होणारी, म्हणजे पोटक्लास बदलू शकतो अशी, मेथड बोलावू नये, आणि तो मला पाठ होता. पण पानाच्या लेआउटच्या बाबतीत तो इतका सहज का मोडला जातो हे मला त्या दिवशी कळलं. एचटीएमएल वाचताना डोळ्यांसमोर चित्र असं असतं की सांगाडा आहे, त्याला भोक आहे, पान त्या भोकात बसलेलं आहे, सगळं एकाच वेळी. जावात मात्र क्रम असतो. सांगाडा आधी पूर्ण उभा राहतो आणि पान नंतर जन्माला येतं. सांगाड्याने उभं राहता राहताच पानाला काही विचारलं, तर उत्तर द्यायला पान अजून आलेलंच नसतं. पुढच्या दोन महिन्यांतल्या लेआउटच्या बहुतेक अडचणी, आणि त्यांची उत्तरंही, या एका गोष्टीपाशी येऊन थांबली: सांगाड्याने पानाला काय विचारायचं यापेक्षा कधी विचारायचं.

त्यावर माझा पहिला उपाय चांगला नव्हता. बेसपेजमध्ये 'लेआउट बांध' अशी मेथड केली आणि ठरवलं की प्रत्येक पानाने आपल्या कन्स्ट्रक्टरच्या शेवटच्या ओळीत तिला बोलवायचं. दोन दिवसांत एक सहकारी ते विसरला आणि त्याचं पान रकान्याशिवाय कोसळलं. मग खात्यांच्या पानांसाठी एक मधला क्लास केला, त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये ती ओळ होती आणि त्याच्या पोटक्लासमध्येही होती. आता रकाना दोनदा जोडला जायला लागला आणि विकेट म्हणायला लागलं, या आयडीचा कंपोनंट आधीच आहे. माणसांच्या लक्षात राहण्यावर उभा केलेला सांगाडा टिकत नाही हे उघड होतं.

खरं उत्तर विकेटमध्येच होतं, ऑनइनिशियलाइझ. सगळे कन्स्ट्रक्टर संपल्यावर, पान पहिल्यांदा रेंडर होण्याच्या, म्हणजे ब्राउझरसाठी तयार होण्याच्या, आधी, ही मेथड एकदाच बोलावली जाते. तोवर पोटक्लासची फील्डं भरलेली असतात. मी बेसपेजचा कन्स्ट्रक्टर जवळजवळ रिकामा केला आणि रकान्याची मागणी ऑनइनिशियलाइझमध्ये नेली. पोटक्लासने ती ओव्हरराइड केली तर सुपरला हाक मारलीच पाहिजे, आणि इथे विसरायची सोय नाही, कारण हाक मारली नाही तर विकेट स्वतः एक्सेप्शन फेकून सांगतं की कुणीतरी मध्ये साखळी तोडली आहे. बारा पानांतल्या त्या शेवटच्या ओळी मी एकेक करून काढल्या. ते काढताना फार बरं वाटलं.

काही गोष्टी तर त्याहूनही उशिरा विचारता येतात. पानाचं शीर्षक घ्या. टायटलच्या टॅगवर लेबल आहे, पण त्याला शब्द न देता मॉडेल दिलं. मॉडेल म्हणजे 'लागेल तेव्हा विचार' अशी चिठ्ठी. रेंडर होताना लेबल मॉडेलला विचारतं, मॉडेल पानाला विचारतं, आणि पान म्हणतं 'बचत खाते', पुढे खातेदाराचं नाव. नाव डेटाबेसमधून येतं, तोवर आलेलं असतं. शीर्षक बेसपेजच्या कन्स्ट्रक्टरमध्ये जोडलं तरी आता काही बिघडत नव्हतं, कारण प्रश्न तिथे विचारलाच जात नव्हता.

रकान्याचा मजकूर कुठे लिहायचा हा पुढचा प्रश्न. प्रत्येक पानाच्या रकान्यासाठी वेगळं पॅनल, म्हणजे स्वतःची एचटीएमएल असलेला कंपोनंट, करायचं तर वेगळा क्लास आणि वेगळी एचटीएमएल, म्हणजे साठ पानांच्या शंभराच्या वर फायली आणखी वाढणार. जिथे रकाना एकाच पानापुरता होता तिथे मी फ्रॅगमेंट वापरलं. त्याचं मार्कअप पानाच्याच एचटीएमएलमध्ये, विकेट:फ्रॅगमेंट या टॅगमध्ये राहतं आणि जावातून सांगितलं की सांगाड्यातल्या जागी जाऊन बसतं. डिझायनरलाही ते सोयीचं, सगळं एका फायलीत.

आणि नेमकं त्यावरच एक दिवस कर्जाचं पान पडलं. फ्रॅगमेंटचं मार्कअप सापडत नाही. जावाला कुणी हात लावलेला नव्हता. फायलींच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या एसव्हीएनमधला फरक काढून पाहिला तर डिझायनरने फ्रॅगमेंटचा तुकडा उचलून दहा ओळी खाली ठेवला होता. त्याच्या ब्राउझरमध्ये रकाना मधल्या भागाला चिकटून दिसत होता, म्हणून त्याने तो बाजूला घेतला. घेताना तो विकेट:एक्स्टेंडच्या बंद होणाऱ्या टॅगच्या पलीकडे गेला. पलीकडचं सगळं गळतं हे मीच त्याला शिकवलं होतं. फ्रॅगमेंटही त्यासोबत गळेल हे मी सांगितलंच नव्हतं. चूक माझ्या शिकवण्यातली होती. त्या दिवसापासून प्रत्येक एचटीएमएलमध्ये एक्स्टेंडच्या शेवटी मराठीत एक टिप्पणी असते: 'ही हद्द. रकाना हिच्या आत.' आमच्या फायलींत ती आजही तशीच आहे.

खात्यांची पानं अठरा होती आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावर तेच टॅब: उतारा, व्याज, वारस, कागदपत्रं. त्यासाठी मधला क्लास ठेवला. त्याच्या एचटीएमएलमध्ये एक्स्टेंड आहे आणि त्या एक्स्टेंडच्या आत पुन्हा स्वतःचा चाइल्ड. अशी साखळी विकेटला चालते, तीन पातळ्या बिनबोभाट जुळल्या. मग हुरूप येऊन मी चौथी पातळी केली, कर्जखात्यांसाठी. ती आठवड्याने मोडली. कारण तारण कर्जाच्या पानाला कर्जाचे टॅब हवे होते आणि ठेवीचा रकानाही हवा होता, ठेव तारण असते ना. वारसा एकाच बापाचा असतो. दोन बापांचं काहीतरी हवं असेल तर ते वारशाने मागायचंच नसतं, वेगळ्या कंपोनंटमध्ये घालून दोन्हीकडे जोडायचं असतं. चौथी पातळी काढून ठेवीची माहिती पॅनलमध्ये टाकली आणि दोन पानांत दोन ओळींनी काम झालं. तेव्हापासून माझ्या मनात हिशेब पक्का आहे: पानाची बाह्य चौकट वारशाने, चौकटीच्या आतलं सगळं पॅनलने आणि बॉर्डरने. साठ पानांना तीन पातळ्या पुरल्या.

बॉर्डरबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ते समजायला मला वेळ लागला. आमच्या पानांवर सगळीकडे एकाच घाटाच्या चौकटी होत्या: वर निळ्या पट्टीत शीर्षक, आत काहीही. पॅनलचं आतलं मार्कअप पॅनलकडे असतं. बॉर्डरचं उलट, कडा तिच्या आणि आतला मजकूर ज्याने वापरली त्याचा, विकेट:बॉडीच्या जागी येणारा. मी चौकटीचा क्लास लिहिला, कन्स्ट्रक्टरमध्ये शीर्षकाचं लेबल ॲड केलं, पान उघडलं आणि एरर. टायटल नावाचा कंपोनंट सापडला नाही. मी तर आत्ताच जोडला होता! पण विकेटच्या सहाव्या आवृत्तीचा निरोप नीट वाचला तर त्यातच उत्तर असतं. त्याने लिहिलं होतं, अपेक्षित जागा 'बॉक्स:टायटल', मिळत्याजुळत्या नावाचा सापडला तो 'बॉक्स:बॉक्स_बॉडी:टायटल'. म्हणजे माझं लेबल कडेवर न बसता आतल्या मजकुरात जाऊन पडलं होतं. बॉर्डरवर साधं ॲड म्हटलं की ते बॉडीत जातं, कारण बाहेरून वापरणाऱ्याला तेच हवं असतं. कडेचं स्वतःचं काही जोडायचं असेल तर ॲडटूबॉर्डर. एका शब्दाचा फरक. मी त्या दोन वाटा वहीत काढल्या आणि पुढे नवीन येणाऱ्या प्रत्येकाला ते चित्र दाखवत आले.

त्यानंतरची अडचण अशी होती की ती फक्त सर्व्हरवर दिसायची. माझ्या मशीनवर पान सरळ, डिझायनरच्या फायलीत सरळ, आणि चाचणीच्या सर्व्हरवर सगळ्या पानांचा मधला भाग डावीकडे पंधरा पिक्सेल घुसलेला. ब्राउझरचा कॅशे रिकामा केला. फायली पुन्हा चढवल्या. फरक नाही. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडचा पानाचा सोर्स काढून ओळीला ओळ लावून पाहिला, तेव्हा दिसलं की माझ्याकडच्या पानात विकेट:चाइल्ड आणि विकेट:एक्स्टेंड हे टॅग जसेच्या तसे ब्राउझरपर्यंत जातात. डेव्हलपमेंट मोडमध्ये विकेट ते ठेवतं. डिप्लॉयमेंट मोडमध्ये काढून टाकतं. आता स्टाइलशीटमध्ये डिझायनरच्या जुन्या डिझाइनमधला एक नियम राहून गेला होता: मुख्य भागाच्या थेट पोटातली ओळ, तिला उणे पंधराचा मार्जिन. 'थेट पोटातली' हे महत्त्वाचं. माझ्याकडे आणि त्याच्याकडे मध्ये विकेटचा टॅग असल्यामुळे ती ओळ थेट पोटात नव्हतीच, म्हणून नियम झोपलेला. त्याने त्या झोपलेल्या नियमावरच बाकीची मापं बसवली. सर्व्हरवर मधले टॅग गेले आणि नियम जागा झाला.

मार्कअप सेटिंगमध्ये विकेटचे टॅग काढायची सोय असते; ती मी ॲप्लिकेशनच्या इनिटमध्ये, म्हणजे सुरू होताना चालणाऱ्या कोडमध्ये, कायमची चालू केली, म्हणजे माझ्याकडे आणि सर्व्हरवर एकच पान तयार होईल. डिझायनरने तो नियम पुसला आणि ठरवलं की सांगाड्याच्या आणि पानाच्या हद्दीवरून जाणारा 'थेट पोटातला' असा नियम लिहायचाच नाही. मला हा त्याचा निर्णय माझ्या सेटिंगपेक्षा जास्त मोलाचा वाटतो. सांगाड्याच्या स्टाइलने पानाच्या पोटात काय आहे हे गृहीत धरलं, तर तेही घाईने विचारणंच झालं.

मेनूचंही असंच. चालू पानाचा दुवा ठळक दिसावा म्हणून मी दुव्यांना ऑटोएनेबल लावलं. पान तेच असेल तर दुवा निष्क्रिय होतो. सहाव्या आवृत्तीत निष्क्रिय दुवा ए टॅग राहत नाही, स्पॅन होतो आणि आत एम टॅग येतो. डिझायनरची सगळी स्टाइल ए टॅगवर, त्यामुळे ठळक व्हायचा तोच दुवा बेरंग झाला. शिवाय उताऱ्याच्या पानावर असताना 'खाती' ठळक दिसायला हवं, ते होईना, कारण पानाचा क्लास वेगळा. शेवटी पानालाच विचारलं: तू कुठल्या विभागातलं? प्रत्येक पान एक स्थिरांक परत देतं. मेनूचं पॅनल तो रेंडरच्या वेळी विचारतं आणि दुव्याला एक स्टाइलचं नाव जोडतं.

मराठीचा भाग मी शेवटी ठेवला होता. तो आधी घ्यायला हवा होता. पतसंस्थेला सगळे पडदे मराठीत हवे होते. त्यांच्या सर्व्हरवर विंडोज होतं. पहिल्यांदा चढवलं तेव्हा पट्टी, मेनू आणि फूटर यांत अक्षरांच्या जागी टोप्या घातलेली रोमन अक्षरं, आणि मधला भाग स्वच्छ मराठी. एकाच पानात अर्धं असं, अर्धं तसं. कारण सांगाडा आणि पान या दोन फायली आहेत आणि विकेट त्या वेगवेगळ्या वाचतं. डिझायनरच्या एडिटरने पानांच्या पहिल्या ओळीत एक्सएमएलची घोषणा घातली होती, तिच्यात यूटीएफ-८ लिहिलेलं. बेसपेजमध्ये ती ओळ नव्हती, म्हणून ती फाइल मशीनच्या मूळ एन्कोडिंगने, म्हणजे अक्षरं साठवायच्या तिच्या नेहमीच्या पद्धतीने, वाचली गेली. मार्कअपचं डीफॉल्ट एन्कोडिंग एकदा यूटीएफ-८ केलं आणि प्रश्न मिटला. २०२२ च्या जावा १८ पासून मूळ एन्कोडिंगच यूटीएफ-८ असतं, त्या वेळी नव्हतं. पडद्यावरचे शब्द ज्यांत असतात त्या निरोपांच्या प्रॉपर्टीज फायलींतही तेव्हा थेट मराठी लिहिता येत नसे, प्रत्येक अक्षराचा आकडा लिहावा लागे. त्याऐवजी विकेटला चालणाऱ्या एक्सएमएल प्रॉपर्टीज घेतल्या, म्हणजे पतसंस्थेच्या व्यवस्थापकांनाही त्या वाचून शब्द सुधारता आले. 'नामनिर्देशित व्यक्ती' खोडून 'वारसदार' त्यांनीच केलं.

एन्कोडिंग सुधारल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. मेनूची पट्टी ठरावीक उंचीची होती, इंग्रजी अक्षरांच्या मापाने बेतलेली, आणि बाहेर येईल ते कापणारी. 'वार्षिक अहवाल' मधला रफार आणि वेलांटी वरून छाटली गेली. 'सूची' चा ऊकार खालून. पतसंस्थेतल्या एका ज्येष्ठ लिपिक बाईंनी स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं, "हे 'वाषिक' काय आहे?" त्यांच्या बोटाखाली खरंच 'वाषिक' होतं. आपल्या लिपीला अक्षराच्या वरही जागा लागते आणि खालीही, हे सांगाड्याच्या मापांतच असायला हवं. डिझायनरने पट्टीची ठरावीक उंची काढली, ओळीची उंची वाढवली, आणि तपासायला नमुन्याचा मजकूर म्हणून 'मूर्ती, सूची, वार्षिक, कर्जदार' हे चार शब्द कायमचे ठेवले.

पुढच्या वर्षी सभासदांसाठी दुसरं ॲप्लिकेशन आलं. सांगाडा तोच हवा, म्हणून बेसपेज, मेनू आणि चौकटी मी वेगळ्या जारमध्ये, म्हणजे जावाच्या फायलींच्या एका गाठोड्यात, काढल्या. बिल्ड झाला, आणि पहिल्याच पानाला मार्कअप सापडत नाही. जार उघडून बघितला तर आत नुसते क्लास, एचटीएमएल एकही नाही. बिल्ड करणारा मेव्हन जावाच्या फोल्डरमधून फक्त जावाच उचलतो. शेजारच्या एचटीएमएल रिसोर्स म्हणून उचलायच्या असतील तर त्याच्या पॉम या सेटिंगच्या फायलीत तसं लिहावं लागतं. विकेटच्या तयार नमुन्यात ते लिहिलेलं असतं, मी हाताने केलेल्या मॉड्यूलमध्ये नव्हतं. पाच ओळी. पट्टीचा रंग आणि चिन्ह दोन्हीकडे वेगळं हवं होतं, त्यासाठी सेशनची स्टाइल वापरली: तिचं नाव फाइलच्या नावाला जोडलं की विकेट त्या स्टाइलची एचटीएमएल आधी शोधतं, नाही मिळाली तर साधी घेतं. जावाचा क्लास एकच.

२०१५ मध्ये सातवी आवृत्ती आली तेव्हा क्यू ही मेथड मिळाली, कंपोनंट नुसते रांगेत ठेवायचे आणि कोण कुणाच्या पोटात हे मार्कअपवरून ठरू द्यायचं. मी ती सांगाड्यात वापरली, पानांत नाही. सांगाड्याचं मार्कअप डिझायनर वारंवार हलवतो, तिथे जावाने त्याच्या मागे पळण्यात अर्थ नाही. पानांत मात्र मला तो जुना कडकपणा हवा असतो.

त्याच सुमारास एका संस्थेने नावाच्या पट्टीत दुसरी ओळ मागितली, नोंदणी क्रमांकाची. मी गावी होते. परत आले तेव्हा काम झालेलं होतं. डिझायनरने बेसपेजची एचटीएमएल डबल क्लिक करून उघडली, पट्टीत एक डिव वाढवला, 'मूर्ती, सूची, वार्षिक, कर्जदार' नीट दिसतात का पाहिलं आणि एसव्हीएनमध्ये टाकलं. फरक चार ओळींचा होता. मी तो वाचला, जार बांधला आणि दोन्ही ॲप्लिकेशनं चालू केली. साठच्या साठ पानांवर दुसरी ओळ आली होती.